बर्गरचा नवस

सुरतच्या गोडादऱ्यात आता नूतनला "माय येते ती नूतन" म्हणून ओळखतात. लिंबायतहून, उधन्याहून बायका येतात, तिची ओटी भरतात, पाया पडतात, पाळणा कधी हलेल ते विचारतात. मी प्रमिला, तिची चुलत सासू. भिंतीला भिंत लागून राहते. तिच्या अंगात काय येतं ते मला पक्कं ठाऊक आहे. भूक येते, दुसरं काही येत नाही. पण हे गल्लीत बोलायची माझी सोय राहिलेली नाही, म्हणून इथं बोलते. ज्याला पटेल त्यानं ऐकावं, नाही पटणार त्यानं खुशाल आपल्या कामाला लागावं.

पारोळ्याकडची पोर ती. हेमराजशी लग्न करून आली तेव्हा गोल तोंडाची, भरल्या अंगाची, आणि हसायला लागली की चार घरं ऐकतील अशी. हेमराज म्हणजे माझ्या चुलत दिराचा मुलगा. एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर दिवसभर उभा राहतो आणि बोलायला पैसे पडतात असा गप्प. त्याची आई शोभाबाई, माझी चुलत जाऊ, तिनंच ही पोरगी पसंत केली होती. "खात्यापित्या घरची आहे, अंगात दम आहे," असं तिनं मला कौतुकानं सांगितलेलं मी विसरलेली नाही. आणि नूतन खायची पण कशी! कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, हातानं फोडलेला कांदा. मांडी घालून बसायची, घास नीट चावून खायची, आणि तिच्याकडं बघून आपल्याला परत भूक लागायची. मी गिलक्याची भजी तळली की भिंतीवर थाप मारायची, आणि ही ताटली घेऊनच यायची. "काकू, तुमच्या हाताला काय आहे हो!" म्हणत अर्धी परात संपवायची. तिला जाडी म्हणावं असं तेव्हा कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

आम्ही दोघी मिळून साड्यांना खडे चिकटवायचो. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचं हेच काम. शेठचा माणूस मार्केटातून साड्यांचं पोटलं आणून टाकतो, डिंक आणि खड्यांच्या पुड्या देतो, आणि आपण दारात उजेडाला बसून एकेक खडा लावायचा. मान धरते, डोळ्यांतून पाणी गळतं, नखांत डिंक वाळतो. साडी पुरी झाली की नूतन उठून ती अंगावर धरायची, पदर सोडायची, आरशात वळून वळून बघायची. "काकू, मी लावलेले खडे एकदा तरी मीच नेसले पाहिजेत," म्हणायची. मी ओरडायचे, "ठेव गं बये, डाग पाडशील." पण तिनं कधी डाग पाडला नाही. शेठचा माल तिनं लेकरासारखा जपला.

मग मार्केटात ते लाइव्हचं खूळ सुरू झालं. दुकानात एक गोल दिवा लावायचा, फोन उभा करायचा, आणि एक बाई साडी नेसून फोनसमोर वळून दाखवते. बघणाऱ्या बायका आपापल्या घरी बसून मागवतात. आमच्या शेठकडं हे काम चंचल नावाची मुलगी करायची. अंगानं काडी, जीभ मात्र कात्रीसारखी. एकदा आम्ही पोटलं परत द्यायला गेलो तर चंचल आलेली नव्हती आणि फोनवर बायका ताटकळलेल्या. शेठची सून म्हणाली, अरे कुणीतरी उभं राहा. नूतननं नुसता पदर खांद्यावर टाकला आणि अशी बोलली, अशी बोलली की विचारू नका! हिंदी, मध्येच गुजराती, मध्येच आपलं खानदेशी. "दीदी, ये खडा गिरेगा नहीं, मैंने खुद लगाया है," म्हणाली आणि स्वतःच खदखदून हसली. ऑर्डरी धडाधड आल्या. मी कोपऱ्यात पोटल्यावर बसून बघत होते. तिचं तोंड इतकं उजळलेलं मी तिच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

शेठची सून खूश झाली. राखीच्या सीझनला मला दुसरी मुलगी पाहिजेच आहे, तूच ये, म्हणाली. पण त्या दुकानाची एक रीत होती. रोज नव्या साडीवर नवा ब्लाउज कोण शिवत बसणार? म्हणून ठरलेल्या चार रंगांचे तयार ब्लाउज ठेवलेले, सगळे चंचलच्या मापाचे. जी उभी राहील तिनं त्यांत मावायचं. शेठच्या सुनेनं एक मरून ब्लाउज नूतनच्या हातात दिला आणि साखरेत घोळून म्हणाली, "बेन, घरी घेऊन जा. याचे हुक लागतील त्या दिवशी ये."

घरी येऊन नूतननं तो घालून बघितला. पाठीवर हुक आणि काज यांच्यामध्ये माझा अख्खा पंजा मावत होता. मी म्हटलं, "दोन्ही बगलांना उसव आणि कापड जोड. मी देते करून, त्यात काय एवढं?" ती आरशातून माझ्याकडं बघत म्हणाली, "काकू, माल त्यांचा आहे. ब्लाउज नाही बदलता येणार. मलाच बदलावं लागेल."

बदलायचं कसं, ते चंचलनं शिकवलं. घरचं सगळं बंद. सकाळी बिनदुधाची कॉफी, दुपारी काही नाही, संध्याकाळच्या आत एक बर्गर, नाहीतर गरम पाणी ओतायच्या कपातल्या नूडल्स. बास. चंचलनं फोनवर कुणा गोऱ्या बाईचा व्हिडिओसुद्धा दाखवला. रोज बर्गर खाऊन ती बाई निम्मी झाली होती म्हणे. मी हसले तर नूतनला राग आला. "काकू, बर्गरच्या पुडक्यावर आकडा असतो, पोटात किती गेलं ते कळतं. भाकरीवर कुठं आकडा असतो? भाकरी आपण खातच जातो."

"आकडा तर उंदराच्या औषधावरपण छापलेला असतो," मी म्हटलं.

"तुम्हाला नाही कळायचं," ती म्हणाली. खरंच आहे. साधी भाकरी सोडून मैद्याचा पाव खायचा, आणि बारीक व्हायचं, हे शहाणपण माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. अजूनही शिरत नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, नुकतीच झाली होती. घरात हे चालवायचं म्हणजे शोभाबाईशी गाठ होती. आमच्यात सून जेवली नाही म्हणजे तिला सासूच्या घरचं अन्न नकोसं झालं, असाच अर्थ. दोन-चार दिवस ताट परत गेलं आणि मग शोभाबाई भांडी आदळायला लागली. भिंतीपलीकडून मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. "मना हातनं कडू लागस का वं तुले?" तिनं विचारलं. नूतनच्या तोंडून निघून गेलं, "आई, मी कानबाईला नवस बोललेय. कानबाई होईपर्यंत घरचं अन्न वर्ज्य."

खानदेशी माणसाला कानबाई सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. श्रावणात नागपंचमी झाली की रविवारी आमच्या घराघरांत कानबाई माय बसते. नारळाला डोळे, नथ, अंगाला साडी. भाऊबंदांच्या प्रत्येक घरातून गहू गोळा करून त्याचे रोट करतात, आणि ते फक्त कुळातल्या माणसांनीच खायचे. बाहेरच्याला कण द्यायचा नाही. सोमवारी तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत तापीवर बोळवायचं. सुरतेत आमची तिसरी पिढी आली. पोरं घरात गुजराती बोलायला लागली, पण कानबाईला कुणी हसत नाही.

भिंतीपलीकडची भांडी एकदम थांबली. नूतनच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. सुनेनं कानबाईला काय मागितलं असणार, हे शोभाबाईला कुणी सांगायची गरजच नव्हती. तिनं विचारलं नाही, आणि नूतननं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या घराची तऱ्हाच बदलली. शोभाबाई भांडी स्वतः घासायला लागली. सुनेला पाणी हातात आणून द्यायला लागली. "मनी सून नवस करी राहिनी," असं भाजीवाल्यापासून गिरणीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं. सहा वर्षं जी बाई सुनेला "वांझोट्या पायाची" म्हणायची, ती आता तिच्याकडं बघून डोळे पुसायची. मी नूतनला नळावर गाठलं. "लाज नाही वाटत? कानबाईच्या नावावर बर्गर खातेस?"

"काकू, हुक लागेपर्यंत कळ काढा. मग मीच सांगते त्यांना."

"आणि तोवर तिनं पाळणा आणून ठेवला म्हणजे?"

तिनं कळशी उचलली आणि गेली.

वजन उतरलं, खोटं कशाला बोलू. भराभर उतरलं. मार्केटला जाता-येता पर्वत पाटियाच्या चौकात रिक्षा बदलायची, तिथं एका काचेच्या दुकानात ती शिरायची, तो पाव दोन्ही हातांनी धरून खायची, तोंड पुसायची, मंगळसूत्र नीट करायची आणि नवस करणाऱ्या सुनेचं तोंड करून गल्लीत यायची. आधी गाल बसले. मग गळ्याखालची हाडं वर आली. न्हाणीच्या जाळीत केसांचे पुंजके अडकायला लागले. खडे लावताना डिंक भलतीकडं सांडायचा. शेठच्या मालावर पहिल्यांदा तिच्या हातचे डाग पडले. मी भजी तळून भिंतीवर थाप मारली तर पलीकडून काही आवाज आला नाही. हसणंही उतरलं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ती मात्र रोज संध्याकाळी तो मरून ब्लाउज घालून माझ्याकडं पाठ करून उभी राहायची. "किती राहिलं काकू?" मी बोटं लावून बघायचे. चार बोटं, तीन बोटं. "हेमराज काय म्हणतो?" विचारलं तर म्हणाली, "बरी दिसतेस म्हणतात." बाकी त्यानं काय दिवे लावले असणार!

आषाढ लागला आणि तिची पाळी चुकली. पुढची वेळही तशीच गेली.

शोभाबाईचं अशा गोष्टींवर बरोबर ध्यान असतं. तिनं देवापुढं दिवा लावला, सुनेची दृष्ट काढली आणि दारातून मला हाक मारून सांगितलं, "माय पावनी वं प्रमिला!" इतकी वर्षं मी तिला बघतेय, पण ती अशी रडताना मी कधी बघितली नव्हती. नूतन आत पलंगाच्या कडेला बसली होती. मला बघून उठली, मोरीपाशी घेऊन गेली आणि अगदी लहान आवाजात म्हणाली, "काकू, खरंच असेल का हो?" सहा वर्षं तीही वाट बघतच होती की. मी म्हटलं, "डॉक्टरकडं चल. आत्ता. आणि आधी दोन घास खा."

शोभाबाईनं मागून ऐकलं. "काही नही," म्हणाली. "कानबाई होईपर्यंत डॉक्टर नाही, न् अन्न नाही. आत्ता नवस मोडला तर दिलेलं परत घेईल माय."

तेव्हा माझी सटकली. नूतनला मी शंभर वेळा समजावलं होतं, तिच्या सासूला मात्र कधी काही सांगितलं नव्हतं. पण आता पोरीचा जीव जायची वेळ आली होती. मी शोभाबाईला समोर बसवून सगळं सांगितलं. नवस नाही, बर्गर आहे. कानबाई नाही, ब्लाउज आहे. पर्वत पाटियाच्या त्या दुकानात चल, मी दाखवते. शोभाबाईनं ऐकून घेतलं, आणि मग अशी काही पेटली! "तुझ्या सुनेला दोन झाली, माझ्या सुनेला एक होतंय तर तुझ्या पोटात दुखतं? कानबाईच्या नवसाला बर्गर म्हणतेस? जीभ झडेल तुझी!" मी नूतनकडं बघितलं. म्हटलं, "सांग गं. तूच सांग."

नूतन भिंतीला टेकून उभी होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "काकूंचा काहीतरी गैरसमज झालाय."

मी घरी आले आणि आमच्या ह्यांना म्हटलं, मेली ती माझ्यासाठी. हे म्हणाले, कशाला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसतेस.

कानबाईचा रविवार आला. पहाटेपासून घर भाऊबंदांनी भरलेलं, मीही गेले, कुळाचा देव म्हटल्यावर रुसून कुठं बसता? पुरण शिजत होतं, खीर, गिलक्याची भजी, रोटांचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत. नूतनला त्या दिवशी घराबाहेर पडायला मिळालं नाही, म्हणजे बर्गर नाही. आणि घरातलं खायचं तर नवस आडवा. शोभाबाईनं फर्मान काढलं होतं, सोमवारी बोळवण झाली की मगच तोंडात रोट घालायचा. म्हणजे शनिवारचा तो एक पाव, तेवढ्यावर पोरगी सगळ्यांना वाढत होती. पुरणपोळी वाढताना तिच्या नाकपुड्या हलताना मी बघितल्या. दुपारी ती माझ्याशी अबोला विसरून कोपऱ्यात आली आणि पाठ केली. "लागले काकू. सगळे हुक लागले." डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, आणि त्यावर हसू. मी तिच्या पाठीला हात लावला. हाताला मणके लागले.

सोमवारी सकाळी कानबाईचा चौरंग डोक्यावर घ्यायचा मान तिला दिला. नवसाची सवाष्ण, त्यात पोटुशी, दुसऱ्या कुणाला देणार? मरून ब्लाउज, हिरवी साडी, कपाळभर कुंकू. ढोल-ताशे पुढं, बायका मागं, टेम्पोपर्यंत पायी जायचं होतं. ऊन चढलं होतं. मी तिच्या बाजूनंच चालत होते. गल्लीच्या तोंडाशी तिची मान लटपटली. चौरंग कुणीतरी पटकन झेलला. आणि मग तिचं सगळं अंग थरथरायला लागलं. घामानं ब्लाउज काळा पडला, डोळे वर गेले, दातावर दात बसले.

एक बाई ओरडली, "माय उनी! माय उनी!"

माय आली, अंगात आली, झालं! ढोल दुप्पट वाजायला लागले. बायका पायावर लोळण घ्यायला लागल्या. कुणी मळवट भरला, कुणी लिंबू धरलं, कुणी गळ्यात हार घातला. शोभाबाई आरतीचं ताट घेऊन समोर उभी राहून रडत विचारत होती, "माय, सांग वं माय, पाळणा हलेल ना?" नूतनच्या घशातून घर्र असा आवाज आला. तो सगळ्यांनी "हो" असा ऐकला. मी गर्दीतून बाहेर पळाले, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवरून मूठभर साखर उचलली, ढकलाढकली करत परत आत शिरले आणि तिच्या गालात बोट घालून हिरड्यांना साखर चोळली. मागून कुणीतरी माझा अंबाडा धरून ओढला. "उष्ट्या हातानं मायला शिवलीस!" पाठीत बुक्के बसले. मी चोळतच राहिले. शेवटी नूतननं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "काकू, भूक लागलीय." हे फक्त मी ऐकलं. ढोल वाजत होते ना.

मग ती आडवी झाली. हेमराजनं तिला उचलून रिक्षात घातलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई गुजराती होत्या, पण शोभाबाईला समजेल असं त्यांनी सावकाश सांगितलं. पोटात मूल नाही. कधी नव्हतंच. उपाशी शरीर आधी पाळी बंद करतं, म्हणून चुकली. रक्तातली साखर तळाला गेली होती, रस्त्यात थोडी साखर पोटात गेली म्हणून ही बाई इथवर पोचली. काय खात होती ही इतके दिवस? त्यांनी विचारलं.

शोभाबाईनं माझ्याकडं बोट केलं. "डॉक्टरले काय समजस? होतं. सकाळपर्यंत होतं. हिनं भर रस्त्यात साखर कोंबून नवस मोडला. हिनं खाल्लं माझं नातवंड."

मी पलंगापाशी गेले. नूतनच्या हाताला सलाईन लावलं होतं. मी म्हटलं, "नूतन, आता तरी बोल. एकदा बोल." तिला सगळं ऐकू गेलं होतं, डॉक्टरीणबाईंचंही आणि सासूचंही. तिनं हेमराजकडं बघितलं. तो स्वतःच्या चपलांकडं बघत होता. मग तिनं तोंड भिंतीकडं केलं.

मला कळतं तिचं. खरं बोलली असती तर देवाला फसवणारी ठरली असती, सासूनं उंबऱ्यात उभं केलं नसतं आणि मार्केटचं नाव काढता आलं नसतं. गप्प राहिली म्हणून अंगात माय आलेली पुण्यवान सून झाली, आणि सासूनं तिला कशालाच नाही म्हणायचं सोडलं. पण कळलं म्हणून राग जातो असं कुणी सांगितलं? माझ्या पाठीवरचे वळ महिनाभर होते. त्या गल्लीत मी कानबाईचा नवस मोडणारी झाले, ती आजतागायत आहे.

राखीच्या तोंडावर नूतन लाइव्हला लागली, आणि तिथंच टिकली. मधून मधून अंगावर थोडं मांस धरायचं, ब्लाउज आवळायला लागायचा, की परत पर्वत पाटियाचं काचेचं दुकान. नवरात्रात परत ती थरथरली, तेव्हा तर बाहेरच्या गल्लीतल्या बायकाही ओटी घेऊन आल्या. आता ती उपाशी राहिली तरी कुणाला काही वाटत नाही. देवाचं करते म्हणतात. उलट एखाद्या दिवशी चार घास जेवली तर शोभाबाई काळजीत पडते.

यंदाचा श्रावण लागला. रोटाचे गहू गोळा करायला नूतनच निघाली, डोक्यावर पदर, कमरेला टोपली. शेजारच्या घरातून गहू घेतले, पलीकडच्या घरातून घेतले. मी गहू निवडून, धुऊन, वाळवून सूप दारात घेऊन बसले होते. माझ्या दारासमोरून ती पुढं गेली. तिनं बघितलंसुद्धा नाही. कुळातून काढायची आमच्यात हीच पद्धत, तोंडानं कुणी काही बोलत नाही. मी ते गहू परत डब्यात ओतले.

तरी मी तिचं लाइव्ह बघते. का बघते ते विचारू नका. काल दुपारी लावलं. जांभळी साडी, खड्यांची. तोच मरून ब्लाउज, पण आता पाठीमागं त्याला सेफ्टी पिन लावलेली, इतका सैल. खाली बायका लिहीत होत्या. एकीनं विचारलं, दीदी, इतनी पतली कैसे हुई? नूतन हसली. ते माझ्या ओळखीचं हसणं नव्हतं. "बस दीदी, माताजी की कृपा. उपवास करती हूँ," म्हणाली. मग तिच्या हातातल्या निऱ्या सुटल्या. तिनं मागच्या साड्या टांगायच्या घोड्याला धरलं. हात थरथरत होता, कपाळावर घाम चमकत होता. दुकानातून शेठच्या सुनेचा आवाज आला, "बताती रहो, बताती रहो." आणि खाली हात जोडलेली चित्रं यायला लागली. जय माताजी, जय माताजी. एकावर एक, थांबेचनात. मी चष्मा लावून एकेक अक्षर दाबत लिहिलं, "तिला साखर द्या." ते गेलं, आणि जोडलेल्या हातांमध्ये वर सरकून दिसेनासं झालं. नूतनचं डोकं एका बाजूला कललं. मग फोनवरचं चित्र बंद झालं.

मी फडताळातला साखरेचा डबा घेतला आणि दारात आले. समोर ओट्यावर शोभाबाई रोटाचे गहू निवडत बसली होती, शेजारी हेमराजचा जुना फोन. वर्षभरात ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. काल बोलली. तिचं तोंड कौतुकानं फुललं होतं.

"देखं का वं प्रमिला? आज ते दुकानम्हा माय उनी!"

मी डबा पदराखाली घेतला आणि मार्केटच्या रिक्षाला हात केला.